तीनशे बारा कंपन्यांचा माणूस

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि तीनशे बारा कंपन्या होत्या. कंपन्या म्हणजे दाराबाहेरच्या पितळी पाट्या. सरकारने कंपन्यांवरचा कर शेजारच्या राज्यापेक्षा कमी केला आणि गुळाला मुंग्या लागाव्यात तशा या पाट्या भिंतीला लागल्या. त्यांच्यामागे माणूस मात्र एकच आला: शिपाई. आलेल्या पत्रांवर शिक्का मारायचा, ती पुढे पाठवायची आणि पाट्या पुसायच्या. रोज बावन्न पुसल्या की रविवार मोकळा.

"चेअरमनसाहेब," बायको म्हणायची, "तीनशे बारा कंपन्या सांभाळता, घरातला गळका नळ तेवढा आवरत नाही तुम्हाला!"

एकदा रोजगाराच्या गणतीचे फॉर्म आले, दर कंपनीला एक. 'एकूण कर्मचारी किती?' खोटं लिहिणं शिपायाच्या रक्तात नव्हतं. पहिल्या कंपनीत कोण काम करतं? आपण. दुसरीत? आपणच. तीनशे बारा फॉर्मांवर त्याने वळणदार अक्षरात 'एक' लिहिलं. अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगून टाकलं, की करकपातीमुळे एकाच गल्लीत तीनशे बारा जण कामाला लागले. बाकं दणादणा वाजली.

मग शेजारच्या राज्याने कर आणखी दोन टक्क्यांनी उतरवला. सोमवारी एक जण पेचकस घेऊन आला आणि नऊ पाट्या काढून गेला. शिपायाने उरलेल्या पाट्या मोजल्या: तीनशे तीन. निवृत्तीला चार वर्षं उरलेली. या वयात दारात कोण उभं करणार?

"अहो, वरच्यांना सांगा ना जाऊन!"

"एका शिपायाच्या नोकरीसाठी सरकार हलतं होय गं?"

हललं. गुरुवारी अर्थखात्याचा अधिकारी धापा टाकत जिना चढून आला.

"तीनशे बारा लोक बेकार होणार म्हणे! निवडणूक तोंडावर आलीय. कुठायत सगळे?"

"मीच की, साहेब."

"आणि बाकीचे?"

"बाकीचेही मीच."

अधिकाऱ्याने फाइलीकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं, आणि फाइल मिटली. "भाषण होऊन गेलंय हो. कुणाला बोलला नाहीत ना?"

"कुणी विचारलंच नाही."

पंधरवड्यात कर शून्यावर आला. नऊ पाट्या आपल्या जुन्या भोकांत परत बसल्या. शिपायाची नोकरी वाचली.

तिजोरीत खडखडाट झाल्यामुळे शहराची बस तेवढी बंद पडली. आता शिपाई रोज पाच किलोमीटर चालत येतो. कधी उशीर झाला, तर तीनशे बारा कंपन्या एकदम उशिरा उघडतात. तीन महिन्यांत त्याच्या चपलांचे तळ दोनदा झिजले, आणि कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याने हाताखाली आणखी एक माणूस ठेवला.

"वाढ वाढ म्हणतात, ती हीच असणार," डबा हातात घेत शिपाई म्हणाला.

"हो ना, चेअरमनसाहेब," बायको म्हणाली. "निघा आता. आणि आल्यावर नळ बघा."