मिस्त्रींनी नळी बरोबर जोडली होती

गंगाधर मिस्त्री गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. नांदेडहून त्यांच्या मुलाचा, अशोकचा फोन आला तेव्हा मी इथं सुरतेला, ट्रान्सपोर्टच्या यार्डात फाटकावर बसलो होतो. वय झालं होतं, झोपेतच गेले, असं त्यानं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "काका, बाबा तुमचं नाव लई घ्यायचे. म्हणायचे, उभ्या जन्मात माझं एकच काम बिघडलं, माधवच्या गाडीचं." मी नुसतं "हाव" म्हणालो... आणि फोन ठेवला. मिस्त्रींचं ते म्हणणं खोटं होतं. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस, लिहायची सवय नाही, चार वेळा कागद फाडला. पण मिस्त्रींना ओळखणाऱ्यांनी हे वाचावं असं वाटतं.

लातूर तेव्हा नवाच जिल्हा झाला होता. पावसानं पाठ फिरवलेली, चाकूरला रानात कामच उरलं नव्हतं. नव्या कचेऱ्यांकडं मात्र माणसांची ये-जा वाढली होती. म्हणून मी एक जुनी अँबॅसडर घेतली, जवळपास माझ्याच वयाची. पेट्रोल परवडेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं की नांदेडला एक मिस्त्री जुन्या गाडीत नवं डिझेल इंजिन बसवून देतो. विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर त्यांनी डिझेलची यंत्रं सांभाळली होती. "इंजिन कधी बसंल?" मी विचारलं. "इंजिन काय, बोल्ट आवळले की बसतंय," ते म्हणाले. "त्याला पाजायचं कसं, ते खरं काम." पेट्रोलच्या गाडीला टाकीपासून एकच नळी होती. डिझेलला जायला एक लागते आणि इंजिनात उरलेलं टाकीत परत यायला दुसरी. ही परतीची नळी त्यांनी गाडीखाली पाठीवर पडून, दोन दिवस मापं घेत वळवली. टाकी खाली उतरवली, आत रॉकेल आणि खडे घातले, आणि गंज सुटेपर्यंत आम्ही दोघं ती अंगणात लोळवत राहिलो. "एवढी मेहनत शाळेत केली असतीस तर कलेक्टर झाला असतास," ते म्हणाले. मी म्हणालो, "शाळेत रॉकेल न्हवतं, मिस्त्री." हसताना त्यांना ठसका लागला.

एवढं करूनही तळाचा गंज पुरता निघाला नाही. म्हणून डिझेल ओढणारी नळी त्यांनी तळापासून दोन बोटं वर ठेवली, गाळ ओढला जाऊ नये म्हणून. गाडी देताना मला डिझेलच्या काट्यासमोर बसवून बजावलं, "काटा पावावर आला की टाकी रिकामी समजायची. खालचं डिझेल तुझं न्हाई, गाळाचं हाय. चढावर तर ते मागं पळतंय, अन् नळी हवा पिते. एकदा हवा धरली की ती काढल्याबिगर इंजिन चालू होत न्हाई." मी मान डोलावली.

पुढच्या उन्हाळ्यात डिझेलच्या पंपावर पाण्याच्या टँकरांची रांग लागायची. एका दुपारी गावातल्या मास्तरांची बायको बाळंतपणात अडली. लातूरच्या दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टर नव्हते, म्हणून नांदेडला न्यायचं ठरलं. काटा पावाच्या खाली होता, मी पाहिला होता. पण रांगेत उभं राहायचं सोडून निघालो... लोह्याच्या अलीकडं चढावर गाडी दोनदा आचके देऊन थांबली. ट्रकवाल्याकडून डबाभर डिझेल मिळवून, फिल्टरचा स्क्रू सैल करून, हातानं पंप मारत हवा काढायला दीड तास गेला. मागच्या सीटवर बाई आधी ओरडत होत्या, मग गप्प झाल्या. नांदेडला डॉक्टरांनी नाडी धरली आणि सोडून दिली. मूलही वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना एकट्याला गाठून खरं सांगितलं. तेवढ्यात मास्तरांचे दोन भाऊ आले. थोरल्यानं विचारलं, "गाडी कशापायी बंद पडली?" मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, "परतीची नळी चुकीची जोडली मी. दोष माझा हाय." धाकट्यानं त्यांच्या थोबाडीत मारली. मी तिथंच उभा होतो. दोघं भाऊ गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "तुला चाकूरला त्याच माणसांत राहायचंय. मला न्हाई."

बातमी पसरली. त्यानंतर त्यांच्याकडं इंजिन बसवायला कुणी गाडी आणल्याचं मी पाहिलं नाही. ते विहिरीवरचे पंप दुरुस्त करत राहिले. मी त्याच गाडीवर चार वर्षं लेकरं जगवली, मग ती विकून सुरत गाठली. नांदेडला गेलो की भेटायचो. दरवेळी त्यांच्या घरच्यांना खरं सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

गेल्या आठवड्यात मीच अशोकला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांगा. मोठ्यानं बोला, तिला कमी ऐकू येतंय." मी ओरडून सांगितलं, "वहिनी, नळी बरोबर होती. टाकीत डिझेल मीच भरलं न्हवतं." यार्डातले ड्रायव्हर वळून बघायला लागले.

"मग ह्यांनी इंजिन बसवायचं काम कामून सोडलं?" वहिनी म्हणाल्या. "मला तर म्हणले, हात थरथरायलेत."

"हात थरथरत न्हवते, वहिनी."

"काय म्हणलाव?"

मी फोन तोंडाजवळ धरला आणि पुन्हा सांगितलं.