सीलवाल्या बाईंचा अहवाल

कार्यालयात त्यांना सगळे ‘सीलवाल्या बाई’ म्हणत. कुणी चोरून अणुबॉम्ब बनवू नये म्हणून नेमलेल्या तपासणी पथकात त्या एकवीस वर्षं होत्या. दर तीन महिन्यांनी शेजारच्या देशातल्या कारखान्यात जायचं, युरेनियमची पिंपं मोजायची, झाकणांवरची तारेची सीलं भिंगाखाली बघायची. प्रत्येक सीलावर त्यांनी स्वतः ओरखडा काढलेला असे. नंबराची नक्कल होते, ओरखड्याची होत नाही.

धाकटा भाऊ हवाई दलात. बायकोला घेऊन जेवायला आला की वाद ठरलेला.

“ताई, चोरालाच विचारून चोरी पकडता तुम्ही लोक. दोन विमानं पाठवा, कायमचा निकाल!”

“कारखाना पाडशील रे. ज्यांना बनवता येतं त्यांच्या डोक्यातलं कसं पाडशील?”

“वन्सं, आधी जेवा,” भावजय म्हणे, “जग मग वाचवा.”

मग एका फेरीत सात सीलांवरचे ओरखडे वेगळे निघाले. वर्षानुवर्षं कुलपं उघडून देणारा म्हातारा भांडारी मान खाली घालून उभा होता.

“वरून हुकूम होता, बाई,” तो पुटपुटला. “लिहिलंत तर विमानं येतील.”

“आणि नाही लिहिलं तर?”

तो किल्ल्यांचा जुडगा उचलून दाराकडे वळला.

बाईंनी खरं तेच लिहिलं: सात सीलं बदललेली; पिंपं जागेवर, आतला माल तपासायला दोन आठवडे हवेत. इकडच्या सरकारने त्यातलं पहिलंच वाक्य उचललं. पथक परत बोलावलं आणि चौथ्या दिवशी कारखाना बेचिराख झाला.

भाऊ दारातूनच म्हणाला, “ताई, तुझ्या अहवालामुळे जमलं!”

“भांडारात माणसं होती का रे?”

तो खाली वाकून बुटाची नाडी सोडत राहिला.

महिन्याभराने चौकशी समितीने बाईंना विचारलं, “धोका टळला ना?”

“माहीत नाही. दोनशे बारा पिंपं होती. जळाली की आधीच हलवली, हे बघायला आता आत कोण जाणार?”

“म्हणजे तपासणीनेच टळला असता?”

“तसंही छातीठोक सांगवत नाही. सीलं माझ्या नाकाखालीच बदलली होती. पण निदान ते कळलं तरी.”

त्या देशाने पथकाला पुन्हा पाऊल ठेवू दिलं नाही. म्हाताऱ्याचं काय झालं, तेही कळलं नाही. भाऊ अजून जेवायला येतो. दोघं हवापाण्याचं बोलतात.