पश्चातबाईंचा नियम

निधनाचं पान संध्याकाळी पाचला बंद व्हायचं. बाकीच्या पानांवर उशिरापर्यंत हाणामारी चालते, पण गेलेली माणसं काही मत बदलत नाहीत, तेव्हा त्यांचं पान आधी उरकून टाकायचं, असा त्या दैनिकाचा जुना शिरस्ता. आणि त्या पानावर बावीस वर्षं एकच बाई. खरं नाव हजेरीपटावर असेल तर असेल; अख्खं ऑफिस त्यांना पश्चातबाई म्हणायचं. निधनाच्या बातमीच्या शेवटी येतं ना, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना असा परिवार आहे', त्या एका ओळीसाठी या बाई जिवाचं रान करायच्या.

मुळात झालं असं. त्या टेबलावर आल्या त्याच महिन्यात कुणीतरी सही करून एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या निधनाची माहिती दिली. बाईंनी विश्वासानं छापली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमास्तर स्वतः पेपराची सुरळी काखेत मारून जिना चढून आले आणि म्हणाले, आधी चहा सांगा, मेलेल्या माणसाला फार दम लागतो. बाईंनी चहा सांगितला, हात जोडले आणि कानाला खडा लावला. एका पुठ्ठ्यावर नियम लिहून फोनच्या वर टांगले. माहिती आणणाऱ्याची सही घ्याच, पण त्यावर जाऊ नका. गेलेल्या माणसाच्या घरी फोन लावा. जो उचलेल त्याला विचारा की घरात कोण कोण राहत होतं. नातं आपण सुचवायचं नाही, समोरचा सांगेपर्यंत थांबायचं. शेवटी सगळं वाचून दाखवायचं आणि खाली स्वतःची सही करायची. समोरचा काय सांगतो ते बाई मोठ्यानं उच्चारत उच्चारत लिहायच्या, म्हणजे चूक झाली तर तिथल्या तिथे कळावी. त्यामुळे दुपारभर सगळ्या हॉलला परक्या घरांतली माणसं ऐकू यायची.

हे पान लावायचं, म्हणजे मजकूर बसवून ते छपाईला सोडायचं काम चीफकडे, म्हणजे मुख्य उपसंपादकाकडे. चाळिशी उलटलेला, कामाला वाघ, आणि स्वतःविषयी चकार शब्द काढणार नाही असा. अकरा वर्षं तो एका माणसाबरोबर राहत होता आणि ऑफिसात त्याला रूम पार्टनर म्हणत होता. एवढ्या वयाच्या माणसाला रूम पार्टनर कशाला लागतो, यावर ऑफिसात दोन विनोद प्रचलित होते. दोन्हींना चीफ सगळ्यांच्या आधी हसायचा.

का हसणार नाही हो? त्यानं डोळ्यांदेखत पाहिलं होतं. कोर्टाच्या बातम्या करणारी एक हुशार मुलगी; तिनं एकदा चहा पिता पिता सरळ सांगून टाकलं की मी एका मुलीबरोबर राहते. तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण पुढच्याच महिन्यात तशा जोडप्यांच्या हक्काचा खटला उभा राहिला, आणि संपादकांनी बैठकीत तिच्याकडून तो काढून घेतला. म्हणाले, तू त्यातली, तू निःपक्ष कशी राहणार? लग्नाच्या कायद्यावर लिहिणाऱ्या लग्न झालेल्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही, पण ते असो. सहा महिन्यांत मुलगी नोकरी सोडून गेली. त्या बैठकीत चीफ तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होता, तोंडात मिठाची गुळणी धरून.

बाईही एके काळी कोर्टच करायच्या, आणि असं करायच्या की वकील त्यांना टरकून असत. मग शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या दोन बायका रस्त्यावरच्या अपघातात एकदम गेल्या. पेपरानं त्यांच्या एकत्र राहण्यावर असा काही चावट मथळा दिला की चहाच्या टपरीवर लोक तो मोठ्यानं वाचून हसले. आणि त्याच अंकात आत, निधनाच्या पानावर, दोघींच्या दोन वेगळ्या बातम्या, दोन वेगळ्या घरांनी दिलेल्या. एकीत दुसरीचं नाव नाही. बाईंनी तो अंक घडी घालून पर्समध्ये ठेवला, संपादकांकडे गेल्या आणि निधनाचं पान मागून घेतलं. लोकांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. कुणी आपणहून तिथे जातं होय?

चीफ नवा होता तेव्हाची एक गोष्ट त्याला आयुष्यभर सलत राहिली. पानावर एक ओळ जास्त होत होती, म्हणून त्यानं एका म्हाताऱ्या घड्याळदुरुस्तीवाल्याच्या बातमीतली शेवटची ओळ उडवली. 'तीस वर्षे सोबत राहिलेले स्नेही' अशी काहीतरी. दुसऱ्या दिवशी बाई त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "चीफसाहेब, जागा कमी पडली तर विशेषण उडवा. माणूस उडवू नका." आणि गेल्या. ज्याच्या स्वतःच्या घरी तसाच एक माणूस संध्याकाळी वाट बघत होता, त्यानंच ती ओळ उडवली होती. त्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

बाईंच्या घरात कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज साडेपाचला खाली फाटकाशी एक स्कूटर येऊन थांबायची. चालवणाऱ्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. बोटांना कायम रंग, आरशाला टांगलेलं दुसरं हेल्मेट. बाई खाली उतरल्या की त्या हेल्मेट पुढे करायच्या, आणि बाई दररोज ते उलटं घालायच्या, आणि त्या दररोज ते सरळ करून द्यायच्या. खिडकीतून ऑफिस बघायचं. कुणी म्हणायचं बाईंच्या मैत्रीण, कुणी म्हणायचं लांबची बहीण. चीफ काहीच म्हणायचा नाही, पण साडेपाचला त्याचं काहीतरी काम हमखास खिडकीशी निघायचं.

एका गुरुवारी पहाटे चित्रकलेच्या बाई गेल्या. दोन महिन्यांचं आजारपण, त्यात पश्चातबाईंची होती नव्हती ती रजा संपलेली. जवळचं माणूस गेल्यावर मिळणारी रजा वेगळी असते, पण त्या अर्जावर नात्यांची यादी छापलेली आहे, आणि त्या यादीत बाईंना बसायला जागा नव्हती. म्हणून दुपारी एक वाजता बाई कामावर आल्या. सकाळीच अंत्यसंस्कार आटोपलेले. साडी तीच. डोळे कोरडे. त्यांना बघून हॉलमधले सगळे घाईघाईनं आपापल्या कामाला लागले.

टेबलावर चित्रकलेच्या बाईंच्या भावानं पाठवलेली माहिती येऊन पडली होती. भावाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. सगळे नातेवाईक तिकडेच गेलेले. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: कलाशिक्षिका, अविवाहित होत्या, त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, दोन पुतणे असा परिवार आहे. खाली सही.

बाईंनी कागद वाचला. शाळेचं नाव अर्धवट होतं, ते पूर्ण केलं. वय एका वर्षानं चुकलं होतं, ते सुधारलं. 'अविवाहित'वर लाल पेन जरा थांबलं आणि पुढे सरकलं. चीफ दोन टेबलं पलीकडून बघत होता. ही बाई आपल्याच आयुष्यातून स्वतःला काढून टाकलेला कागद तपासत होती.

मग बाईंनी रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवला. बावीस वर्षांची सवय. गेलेल्या माणसाच्या घरी फोन लावायचा. रिंग वाजत राहिली. बाई कानाला फोन लावून, पेन सरसावून बसल्या होत्या, नेहमीसारख्याच. रिंग वाजून वाजून बंद झाली. त्यांनी पुन्हा फिरवला. दुसऱ्यांदाही ती पूर्ण वाजली, तेव्हा त्यांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला आणि चीफकडे बघून म्हणाल्या, "घरी कुणी उचलत नाही."

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण आपल्याच रिकाम्या घरी फोन लावला ते. दोन्ही हातांनी त्यांनी टेबलाची कड धरली.

चीफ उठला. जवळ गेला, खुर्ची ओढून बसला. त्याला काही सांत्वन वगैरे जमण्यासारखं नव्हतं. त्यानं वरच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं.

"बाई, तुम्ही घरी जा. पाचच्या आत मी फोन लावतो. नियम आहे."

बाईंनी पर्स घेतली. जाता जाता वळून म्हणाल्या की रजिस्टर डाव्या खणात आहे, त्यात बघून विचारा, घाई करू नका.

घर पाऊण तासावर. तेवढ्या वेळात चीफनं रजिस्टर उघडलं, आणि तो बसल्या जागी थिजला. एकावर एक अशी सतरा जाड रजिस्टरं त्या खणात होती. प्रत्येक फोन. कुणी उचलला, काय म्हणालं, नातं कुठल्या शब्दांत सांगितलं. 'मी त्यांची कुणी नाही, पण किल्ली माझ्याकडे असते.' 'रोज दाढी करून द्यायचो.' 'भांडण झालं होतं, तरी राहायला एकत्रच होतो.' 'मित्र लिहा. नाही, थांबा. सोबती लिहा.' आणि प्रत्येकापुढे बाईंच्या बारीक अक्षरात एकच शब्द: छापलं. पानामागून पानं. कुठे भाषण नाही, कुठे लेख नाही, कुणाच्या नावानं बोटं मोडणं नाही. ज्यांना कुणी मोजत नव्हतं त्यांना या बाईंनी एकेक करून त्या एका ओळीत बसवलं होतं, त्याच पेपरात, त्याच संपादकांच्या नाकाखाली. तो रोज हे पान लावत होता. इतकी वर्षं त्याच्या हाताखालून एवढं मोठं काही गेलं आणि त्याला वाटत होतं आपण कॉलम भरतोय. उंच कड्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की मान अवघडते, तसं त्याचं झालं. घड्याळदुरुस्तीवाल्याची नोंदही सापडली. तिथे 'छापलं' नव्हतं. तिथे लिहिलं होतं: राहिलं. माफी मागायला घरी जाऊन आले.

साडेचारला संपादक केबिनमधून बाहेर आले. माणूस वाईट नव्हे, पण भानगड म्हटली की काखा वर. भावाची सही आहे ना, मग लावून टाक पान, उगाच वाद नको, असं त्यांचं म्हणणं. चीफ म्हणाला, घरी फोन झालेला नाही. संपादक म्हणाले, घर म्हणजे भाऊच. चीफ म्हणाला, नाही. नुसतं 'नाही' ऐकायची सवय नसल्यामुळे संपादक जरा चमकले, आणि म्हणाले, तू का एवढा जीव टाकतोयस, तुझा काय संबंध?

सगळा हॉल ऐकत होता. चीफचे कान तापले. इतकी वर्षं ज्या क्षणाला तो घाबरत आला होता तो हाच, आणि तो आला तेव्हा पायात चप्पलसुद्धा नीट नव्हती.

"माझ्या घरी असाच एक माणूस आहे," तो म्हणाला. "रूम पार्टनर नाही. उद्या मी गेलो तर फोन त्याला लावा, माझ्या भावाला नको."

त्या दोन विनोदांचा मालक असलेला क्रीडावाला मान खाली घालून बसला. संपादक काही तरी बोलणार होते, पण त्यांची नजर पुठ्ठ्यावर गेली. पोस्टमास्तर जिना चढून आले त्या सकाळी तेही तिथेच होते. ते म्हणाले, "पाचला पान पाहिजे," आणि आत गेले.

चीफनं नंबर फिरवला. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

त्यानं दैनिकाचं नाव सांगितलं, दुःखाच्या वेळी त्रास देतोय त्याबद्दल क्षमा मागितली, अगदी बाई मागायच्या त्याच शब्दांत. गेलेल्यांचं नाव विचारलं, वय विचारलं, शाळा विचारली. उत्तर येईल तसं मोठ्यानं म्हणत लिहीत गेला. मग विचारलं, घरात कोण कोण राहत होतं?

"त्या आणि मी, एकतीस वर्षं होत आली," असं उत्तर आलं. त्यानं ते मोठ्यानं म्हटलं.

"नातं काय लिहू?"

पलीकडे काहीच नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता. शब्द त्याच्या जिभेवर होता, पण सुचवायचा नाही, हा नियम होता. तो थांबला. हॉलमध्ये कीबोर्ड एकेक करून थांबले. घड्याळाचा काटा पुढे सरकला, आणि तरी तो थांबला.

मग पलीकडून एक शब्द आला. चीफ उभा राहिला आणि शेवटच्या टेबलापर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "सहचारिणी."

त्यानं लिहिलं. भावाचं, भावजयीचं, पुतण्यांचं नातं होतं तसंच ठेवलं. 'अविवाहित' हे विशेषण होतं, ते उडवलं. आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं: त्यांच्या पश्चात एकतीस वर्षांच्या सहचारिणी, भाऊ, भावजय, दोन पुतणे असा परिवार आहे.

"तीस वर्षं दहा महिने," बाई म्हणाल्या. "एकतीस व्हायला दोन महिने कमी पडले. चुकीचं छापू नका."

त्यानं दुरुस्त केलं. पुन्हा वाचलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "खाली सही करा चीफसाहेब, आणि पान सोडा."

पाचला चार मिनिटं कमी होती. त्यानं सही केली, रजिस्टरमध्ये त्या नावापुढे 'छापलं' असं लिहिलं, आणि पान सोडलं.