बाबूच्या चेनचं तेल

बावड्याच्या अलीकडे, भीमेकाठच्या बाभूळबनात आमचा सॅपर्सचा, म्हणजे फौजेतल्या रस्ते-पूल करणाऱ्यांचा, सेक्शन तंबू ठोकून होता. मोठी लढाई अजून लागायची होती. दोन कामं होती: झाडं तोडून तोफांच्या गाड्यांसाठी रस्ता काढायचा आणि एका विलायती यंत्राची ट्रायल घ्यायची. यंत्र म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत. लांब लोखंडी पट्टी, तिला आम्ही बार म्हणायचो, आणि बारच्या कडेनं खाचेतून पळणारी दातेरी चेन. इंजिनाच्या बाजूला मी, दुसऱ्या टोकाला लान्स नाईक बाबू, पणदऱ्याचा. वजन उचलून पाठीचा काटा ढिला व्हायचा. पण कुऱ्हाडीला अर्धा दिवस लागणारं खोड चहा उकळेपर्यंत आडवं व्हायचं. बाबू त्या करवतीवर जीव टाकायचा. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही.

अशा चेनला सारखं तेल लागतं. तेल मिळालं नाही तर ती खाचेत तापते, आणि तापलेली चेन तुटते. यंत्राबरोबर आलेले तेलाचे डबे संपले. नवे मागवले. सरकारी काम, सहा महिने थांब.

मग लॉरीचं इंजिन ऑइल घालून पाहिलं. परीक्षा सोपी होती. चेन पळवायची आणि बारचं टोक चुना फासलेल्या दगडासमोर धरायचं. दगड तेलानं माखला. म्हणजे तेल सगळं उडत होतं, चेन कोरडीच. लॉरीतून काढलेलं जळकं तेल घालावं असं कुणी तरी सुचवलं. हवालदार रघुनाथरावांनी ते चिमटीत चोळलं आणि आतली कचकच दाखवली. हवालदार सुप्याचे, जिरायती मुलखातला करडा माणूस.

"गाडीच्या आसाला काय घालत्यात?" ते म्हणाले. "एरंडेलच ना? मग हिला घाला की."

"हवालदारसाहेब, मशीनला जुलाब व्हतील!" बाबू म्हणाला आणि सेक्शन हसला.

एरंडेल घातलं. दगडावर बारीक ठिपके उठले आणि चेन ओली राहिली. पाऊस उघडेपर्यंत आम्ही त्याच तेलावर काम केलं.

खंडेनवमी आली. आम्हा सॅपर्सची हत्यारं म्हणजे कुदळी, पहारी, कुऱ्हाडी आणि ही करवत. बाबूनं करवत रॉकेलनं धुतली, एरंडेल पुसून काढलं. त्याच्या आईनं घरच्या करडईचं, नव्या घाण्याचं तेल पाठवलं होतं.

"पूजेला काय जुलाबाचं तेल लावायचं व्हय?" तो म्हणाला.

चेनच्या एकेका कडीला त्यानं ते तेल बोटानं चोळलं, बारच्या खाचेत भरलं, वर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. नारळ हवालदारांनीच फोडला. देवाला घरातलं चांगलं द्यावं, एवढंच सगळ्यांच्या मनात. दसरा झाला आणि सेक्शन रजेवर गेला. करवत तंबूत पडून राहिली. बाहेर कडक ऊन पडलं होतं.

करडईच्या तेलाच्या बुधलीचा काठ ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. एरंडेल ओलं राहतं. करडईचं तेल वाळतं, आणि वाळलं की त्याचा डिंक होतो.

आम्ही परत आलो त्याच दुपारी वादळी पाऊस झाला. चिंचेखाली बांधलेली खेचरं सोडायला बाबू धावला. झाड मुळासकट आलं. खेचरं सुटली, बाबू कमरेखाली खोडाखाली गेला.

"जॅक!" हवालदार ओरडले.

जॅक काळ्या चिखलात रुतला. खाली उकरलं की खोड आणखी दबायचं. कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला आणि बाबू असा किंचाळला की दुसरा घाव कुणी घातला नाही.

"करवत आणा," तोच म्हणाला. "माजी करवत आणा."

इंजिन लागलं, पण चेन हलेना. कड्या एकमेकींना चिकटून ताठ झाल्या होत्या. रॉकेल ओतून, हातांनी ओढून आम्ही चेन मोकळी केली. पण खाचेतला थर तसाच राहिला, आणि तेल उतरायचं भोक बुजलेलं. करवत लाकडात चार बोटं गेली आणि धूर निघाला.

"काय झालं?" बाबूनं विचारलं.

"चेन तापतीया," मी म्हणालो.

"तेल कमी पडतंय. माज्या तंबूत आयेचं तेल हाय, ते घाला. चांगलं सढळ घाला."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, मलाही कळलं होतं.

"घातलं रं बाबू," ते म्हणाले.

"मग चालंल आता."

पुन्हा लावली. चेन तुटली. बावड्याच्या सुताराची हातकरवत आणवली आणि आळीपाळीनं ओढली. ओलं लाकूड तिला सारखं आवळून धरायचं. खोड बाजूला झालं तेव्हा बाबू नव्हता.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "चेनला तेल कोणतं होतं?"

"एरंडेल, सर," हवालदार म्हणाले.

माझीही तीच साक्ष. मेलेल्या पोराच्या माथी दोष कशाला? यंत्र निकामी ठरून परत गेलं. पुढच्या आठवड्यात तेलाचे डबे आले. बैल गेला अन् झोपा केला. त्या डब्यांवर बसून मी ढसाढसा रडलो.

हवालदार आणि मी पणदऱ्याला गेलो. बाबूच्या आईनं पाणी दिलं. समोर बसली आणि एकच विचारलं.

"लई वेळ तळमळला का रं माजा बाबू?"

"न्हाय, आक्का," हवालदार म्हणाले. "झाड पडलं अन् गेला. त्याला कळलं बी न्हाय."

तिनं आम्हाला हात जोडले.

झाड दुपारी पडलं होतं. लान्स नाईक बाबू दिवेलागणीपर्यंत आमच्याशी बोलत होता, आणि करवत चालू झाली का, एवढंच विचारत होता.