उपयुक्त बुरशी

आमच्या घरात मानाचा क्रम असा आहे: आधी कढीपत्ता, मग केतकी, मग मी. जर्मनीतल्या येना शहरात कढीपत्त्याचं रोप जगवणं पीएचडीपेक्षा अवघड असतं, असं माझी बायको केतकी स्वतः म्हणते, आणि ती दोन्ही एकदमच करतेय. त्यामुळे त्या रोपावर मावा पडला (कीड, मिठाईतला नव्हे!) तेव्हा घरावर सुतकी कळा आली.

केतकीच्या संशोधनाचा विषय नेमका हाच. काच उन्हातले अतिनील किरण अडवते, तिने मला समजावलं, म्हणून खिडकीत वाढलेलं झाड लाडोबा होतं. तेच किरण अंगावर घेतले की पानांत किड्यांना न रुचणारी द्रव्यं तयार होतात. शिवाय मुळांशी दोस्ती करणारी बुरशी मातीत असली, तर झाड हल्ल्याआधीच सावध राहतं. मी मान डोलवत होतो. (मान डोलवताना मला कमी ऐकू येतं.)

मग ती एका परिषदेसाठी हायडेलबर्गला निघाली. जाता जाता म्हणाली, "रोप हळूहळू बाहेर काढ, आधी सावलीत. आणि बुरशी घाल, फडताळात ठेवलीय."

फडताळात तिने बुरशीच्या भुकटीचं पाकीट ठेवलं होतं. त्याच्या पुढ्यात मात्र सासूबाईंनी पाठवलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा होता, आणि लाडवांवर हिरवीगार, लोकरीसारखी बुरशी! मी भारावून गेलो. संशोधक असावी तर अशी, आईचे लाडूसुद्धा विज्ञानाला वाहिले! सगळे लाडू कुस्करून कुंडीत घातले, वर तांब्याभर पाणी ओतलं. 'हळूहळू' तर माझ्या स्वभावातच नाही, म्हणून रोप थेट बाल्कनीतल्या रणरणत्या उन्हात नेऊन ठेवलं.

पानं भाजलेल्या पापडासारखी झाली. मावा होता तिथेच राहिला आणि लाडवांच्या वासावर मुंग्या आल्या. त्या खालच्या मजल्यावरून, म्हणजे आमच्या घरमालकीण फ्राऊ लेमान यांच्या फुलझाडांमधून, रांगेने वर चढत होत्या. पाठोपाठ फ्राऊ लेमानही चढून आल्या. हे काय चाललंय, असं त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं.

बुरशीला जर्मनमध्ये काय म्हणतात, ते मी फोनवर बघितलं. शिमेल. आता आपल्या मराठीत बुरशी एकच. मुळांची दोस्त काय नि शिळ्या भाकरीवरची काय. जर्मनमध्ये मात्र शिमेल म्हणजे भिंत खाणारी, घर पोखरणारी बुरशी. या देशातल्या घरमालकांना भुताची भीती वाटत नाही, शिमेलची वाटते. हे मला नंतर कळलं.

"काळजी करू नका," मी हसतमुखाने म्हणालो. "शिमेल आम्ही मुद्दाम आणलाय."

"मुद्दाम?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. थंडी पडली की बेडरूममध्ये ठेवणार."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. मग त्यांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, भिंती चाचपल्या आणि त्या कपाटाच्या मागे शिरल्या. मी बॅटरी धरून उभा होतो, कारण पाहुण्यांना मदत करावी, असे आमच्यावर संस्कार आहेत.

तेवढ्यात केतकी हायडेलबर्गहून परत आली. तिने उघड्या खिडक्यांकडे पाहिलं नाही की कपाटामागून डोकावणाऱ्या फ्राऊ लेमानकडेही नाही. ती सरळ बाल्कनीत कुंडीपाशी गेली. तिथे आता जवळजवळ काठीच उरली होती.

"लाडू?" ती एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फ्राऊ लेमानना सगळं समजावून सांगायला तिला बराच वेळ लागला. त्यानंतर बाई इतक्या हसल्या की त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली. केतकीने मुळं धुतली, माती बदलली, पाकिटातली खरी बुरशी घातली आणि रोप सावलीत ठेवलं. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या काठीसमोर उभा राहायचो आणि तिची मनापासून माफी मागायचो. अखेर एके दिवशी बुंध्याशी पोपटी कोंब दिसला, तेव्हा मी ऑफिसची मीटिंग सोडून केतकीला फोन केला. पुढे त्याला बेताबेताने ऊन दाखवलं, आणि आता पानं चांगली तिखट वासाची येतात. मावा फारसा फिरकत नाही.

परवा जिन्यात फ्राऊ लेमाननी केतकीला मिश्कीलपणे विचारलं, "काय, शिमेल गेला का घरातून?"

"हो, आत्ताच ऑफिसला गेला," केतकी म्हणाली. "संध्याकाळी येईल परत."