तळघरातली हाक

मेहकरच्या आमच्या जुन्या घराच्या तळघरात आईसाठी उन्हाळ्यापुरती खोली करायची ठरली, तेव्हा भिंतींना थर्माकोल आणि वरून प्लाय बसवायला एक मिस्त्री आला. त्याचं तोंड क्षणभर बंद नसे. खिळ्याला शिव्या द्यायचा आणि मधूनच वर ओरडायचा, "हाव ना, भाऊ?" मी "हाव" म्हटल्याशिवाय पुढचा खिळा ठोकायचा नाही.

एकदा वैतागून विचारलं, "एवढं काऊन बोलता?"

"आमचे आबा जमिनीखालच्या धान्याच्या पेवात उतरत; आत हवा कोंदलेली राहे. उतरणाऱ्यानं बोलत राहावं, म्हणजे वरच्याले समजते का तो जिता हाय."

काम पुढे सरकलं तसा त्याचा आवाज बारीक वाटू लागला. थकला असेल, म्हणून मी सोडून दिलं.

शेवटच्या दुपारी त्याने दारालाही आतून थर्माकोल ठोकला आणि दार आतून ओढून लावून पाहिलं. मी वर वाट पाहत होतो. हाक येईना. मी ओरडलो. उत्तर नाही. धावत खाली गेलो. जाड झालेलं दार चौकटीत रुतलं होतं. सगळा जोर लावला तेव्हा उघडलं.

तो घामाघूम होऊन दाराशीच उभा होता. "कवाचा बोंबलून राह्यलो, भाऊ. तुमी हाव काऊन नाही म्हटलं?"

इतक्यात वरून आईने विचारलं, "माझी खाट आजच खाली न्यायची का रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, हातोडी उलटी धरली आणि दारावरचा थर्माकोल उचकटायला लागला.