माहा पाय मोडणारा सेवादास

ज्या माणसानं माहा पाय मोडला, त्याच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तं मले खपत नाही. आधीच सांगून ठेवते. तुम्हाले हसू येईन, खुशाल हसा. मी विमलताई, दारव्हा रोडवरच्या आमच्या गावच्या बजारात भाजी विकणारी. पन्नाशी ओलांडली, पण जिभेची धार अजून कमी झाली नाही.

सेवादास राठोड आमच्या ठाण्याची जीप चालवे. दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरचा माणूस. बाप धावजी बैलगाडी हाके अन् बैलायशी गप्पा मारे. हा तसाच जीपशी बोले. "चल व माय, चढ आहे, दम नको सोडू." ठाण्यातले शिपाई हसत, पण ह्याले काही फरक पडे नाही. कोण्या तांड्यावर बाई अडली की पाऊलवाटेनं जीप घालून तिले दवाखान्यात नेणारा हाच. अठ्ठावीस वर्षांत कोंबडीलेही धक्का लावला नाही, असं छाती फुगवून सांगे. माह्या दुकानासमोर थांबून सांबाराची, म्हंजे कोथिंबिरीची, जुडी घेतली, की वरून दोन मिरच्या फुकट मागे. मी म्हणे, "भाऊ, वर्दी उतरवून ये, मंग माग." मंग दोघंही हसत बसू.

ह्या उन्हाळ्यात नदीतली रेती चोरून नेणारा एक टिप्पर पोलिसायले गुंगारा देऊन राह्यलता. त्याचा ड्रायव्हर सेवादासले पाहून हॉर्न वाजवे, खिडकीतून हात हालवे. दोन महिने हेच चाललं. सेवादासनं ते मनाले लावून घेतलं.

बजाराचा दिवस होता, भर दुपार. टिप्पर धडधडत बजाराच्या कडेनं निघून गेला अन् मागून सायरन वाजवत जीप आली. मी टमाट्याचं टोपलं उचलून मागं सरकून राह्यलती, तेवढ्यात जीपचा धक्का बसला. मी टमाट्यासकट नालीत. हाड मोडल्याचा आवाज मले माह्याच कानानं ऐकू आला. जीप करकचून थांबली, टिप्पर गेला पळून. सेवादास धावत आला. "याडी ये!" म्हणे. त्यायच्या बोलीत आईले याडी म्हणतात. "चूक माही आहे विमलताई, माही!" दवाखान्यात त्यानंच नेलं मले.

अन् आठ दिवसांनी ठाण्याचा कागद हाती आला. त्यात काय लिहिलं असावं? भाजीवालीले टिप्परचा धक्का लागला, पोलिसाची गाडी लांब होती. खाली सेवादासची सही! बापा! म्हणजे मी खोटी? घरचे म्हणत, तू भेली असशीन, तुले नीट दिसलं नसन. महिनाभर पलंगावर पडल्या पडल्या मी त्या माणसाचा जो उद्धार केला, तो सांगण्यासारखा नाही. पाय काय, आज ना उद्या जुळला असता. पण खोटारडी ठरली असती तं बजारात कोणत्या तोंडानं बसली असती? पाय मोडला म्हणून नाही, ह्या सहीसाठी रडली मी. मंग वर अर्ज ठोकला. पाठलागाच्या वेळी पोलिसाच्या छातीवर कॅमेरा सुरू असतो, त्यातलं चित्र चारचौघात दाखवा म्हणलं.

यवतमाळहून मॅडम आल्या, मोठ्या अधिकारी. ग्रामपंचायतीचा हॉल गच्च भरला. मी वॉकर टेकत टेकत समोर जाऊन बसली. टीव्ही लावला, अन् पडद्यावर नुसतं पांढरंफट्ट! दुसरं काहीच नाही. आमच्याकडं मे महिन्यात डोक्याले दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. सेवादासच्या पांढऱ्या दुपट्ट्याचं टोक छातीवर लोंबत होतं, ते नेमकं कॅमेऱ्यावर. लोकायनं गिल्ला केला, "मुद्दाम झाकला!"

धक्का लागला त्या दिवशी जीपमध्ये सेवादासच्या बाजूले बसलेले ठाण्याचे छोटे साहेब उठले. तो कागदही त्यायनंच लिहिला होता. म्हणे, "मॅडम, ह्यात काही दिसतच नाही. इथंच मिटवा." मॅडमनं फाईल बंद करायले घेतली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मॅडम, चित्र नसन, पण त्यात आवाज आहे. आवाज वाढवा."

सेवादास उभा होता. छोटे साहेब दातओठ खात म्हणाले, "खाली बस. आठ महिने राह्यले तुझ्या रिटायरमेंटले." तो बसला नाही.

आवाज वाढवला. आधी सायरन. मंग छोटे साहेब, "सेवादास, हळू, बजार आहे. जाऊ दे त्याले." अन् सेवादास, "आज नाही सोडत साहेब." पुन्हा साहेब, "अरे, हळू!" मंग धाडकन आवाज, माही किंकाळी, अन् "चूक माही आहे विमलताई, माही!"

मॅडमनं विचारलं, "मग त्या कागदावर सही काहून केली?"

"साहेबानं मले वाचवाले तसं लिहिलं. मी भेलो, केली सही," तो म्हणाला. "आज ही बाई वॉकर घेऊन आली. तिचा पाय मोडला मी. वरून तिले खोटी पाडून घरी कसा जाऊ?"

खिशातून जीपची चाबी काढून त्यानं टेबलावर ठेवली. अठ्ठावीस वर्षांचा ड्रायव्हर, अन् लेकरासारखा रडे. पुढं त्याच्या हातून जीप गेली ती गेलीच, छोट्या साहेबाचीही चौकशी लागली. पण ते सगळं नंतर.

त्या दिवशी मॅडमनं तिथंच नवा कागद लिहून घेतला. मी तो मोठ्यानं वाचला, साऱ्यायले ऐकू जाईन असा. पोलिसाच्या जीपचा धक्का लागला, असं त्यात साफ लिहिलं होतं. मी सही केली. मंग सेवादास पुढं आला. त्याचा हात असा थरथरे, की पेन कागदावर टेकेना. माहा राग गेला नव्हता, खोटं कायले बोलू? तरी मी वॉकर सोडला, टेबलाले पोट टेकवून उभी राह्यली, अन् दोन्ही हातानं तो कागद दाबून धरला.

"कर भाऊ," मी म्हणलं. "मी धरला आहे."